खसखस, खोबरे आणि परमुलूख

मुलामुलींच्या घरी चार-सहा महिने राहावयास परदेशी निघालेल्या आईवडिलांची तयारी बहुधा पारपत्र, व्हिसा, विमा आणि तिकीट या चार दस्तऐवजांपासून सुरू होते, आणि ते योग्यच आहे. पारपत्राची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी, युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, या गोष्टी आता प्रवासी कचेरीपासून शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत सर्वांना मुखोद्गत झाल्या आहेत. परंतु कागद एकदा फायलीत लागले, की ज्या बॅगेभोवती घरातील सारी माया गोळा होते तिच्यात काय जावे आणि काय जाऊ नये, याचा विचार मात्र वजनकाट्यापलीकडे क्वचितच जातो. तेवीस किलोंत बसले म्हणजे झाले, अशी आपली समजूत असते. परमुलखाच्या दारातला जकात अंमलदार मात्र वजन पाहत नाही, वस्तू पाहतो.

खसखशीचेच उदाहरण घ्या. अनारशावर ती थापलेली असते, करंजीच्या सारणात आणि डिंकाच्या लाडवांत भाजून घातलेली असते, आणि पुष्कळ घरांच्या गोड्या मसाल्यात ती इतकी बारीक कुटलेली असते, की करणारीलाही तिची वेगळी आठवण राहत नाही. ही खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचे बी. मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच आणि राजस्थानातील चित्तोडगड या टापूत अफूची लागवड सरकारी परवान्याने होते. बोंडाला चिरा देऊन चीक काढल्यावर आतले जे बी उरते तेच आपल्या वाण्याच्या दुकानी येते. बियांत स्वतः गुंगी आणण्याजोगे काही नसले, तरी चिकाचा अंश त्यांच्या अंगाला लागून राहू शकतो, आणि ज्या देशांचे अमली पदार्थांविषयीचे कायदे अत्यंत कठोर आहेत ते या अंशमात्रालाही क्षमा करीत नाहीत. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे खसखस नेण्यास मनाई आहे. सौदी अरेबियात तर श्रीखंडात आणि पुरणात आपण सहज किसून घालतो त्या जायफळावरही निर्बंध आहेत. दिवाळीला दुबईतल्या लेकीकडे निघालेल्या आईने म्हणूनच फराळाचे डबे भरताना नव्हे, तर त्याच्याही आधी, मसाला दळावयास देतानाच खसखस वगळावी. आणि मसाला तयार घेतला असेल तर वेष्टनावरील घटकांची यादी चष्मा लावून वाचावी.

त्याच मसाल्यातले दुसरे द्रव्य खोबरे. त्याची अडचण परमुलखात नव्हे, आपल्याच विमानतळावर उभी राहते. वाळलेल्या खोबऱ्यात निम्म्याहून अधिक भाग तेलाचा असतो, आणि किंचित ओल राहिलेल्या अवस्थेत त्याचा साठा बंद जागी दडपला गेला, की आतल्या आत ऊब धरून तो आपोआप तापू लागतो. या गुणामुळे सुक्या खोबऱ्याची गणना आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या नियमांत स्वयंज्वलनशील पदार्थांत होते, आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानातून खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवावयास लावतात ते याच कारणाने. हे कारण ठाऊक नसलेल्या गृहिणीला तो तपासनिसाचा निव्वळ हेका वाटतो, आणि देवाला वाढवून वाळवलेल्या नारळाचे खोबरे तिथे सोडून जाताना तिच्या मनाला जो चटका बसतो तो खरा असतो. तो टाळता येण्यासारखा आहे, म्हणूनच इतके सविस्तर लिहावेसे वाटते.

पेढे, बर्फी आणि खवा यांची गोष्ट निराळी. आपल्याकडच्या गोठ्यांत लाळ्या-खुरकुताचा रोग परिचयाचा आहे, आणि तो दुधातूनही पसरू शकतो. ऑस्ट्रेलियाने तो एकोणिसाव्या शतकानंतर आपल्या भूमीवर येऊ दिलेला नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली या रोगाची साथ आली तेव्हा ती आटोक्यात आणण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. ज्या देशाची शेती गुरामेंढरांवर उभी आहे त्याने दुधाच्या मिठाईकडे संशयाने पाहावे, यात अपमान मानण्याचे कारण नाही. युरोपीय संघातही बाहेरच्या देशांतून प्रवाशाने मांस वा दुग्धजन्य पदार्थ आणू नयेत असाच नियम आहे. आंब्याचेही तेच. अमेरिकेने अठरा वर्षांच्या बंदीनंतर २००७ साली भारतीय आंबा पुन्हा स्वीकारला, तो फळमाशी आणि कोयीतील भुंगा यांचा बंदोबस्त करण्याच्या अटीवर. आणि कांद्यासाठी उभारलेल्या लासलगावच्या विकिरण केंद्रातून त्या वर्षी हापूसच्या पेट्या किरणांखालून काढून रवाना झाल्या. व्यापाऱ्याच्या फळाला एवढे सोपस्कार करावे लागत असता, हातपिशवीत रुमालाखाली दडवलेल्या चार हापुसांना मोकळी वाट मिळेल अशी अपेक्षा कशी करावी? अमेरिकेच्या विमानतळांवर बीगल जातीची कुत्री केवळ असला वास हुंगत सामानाभोवती फिरत असतात.

या सर्वांत माझ्या मते अत्यंत महत्त्वाची गोष्ट एकच, आणि ती म्हणजे उतरल्यावर भरावयाच्या कागदावर खरे लिहिणे. ऑस्ट्रेलियाच्या प्रवेशपत्रकात खाद्यपदार्थांविषयी स्पष्ट प्रश्न असतो. त्यावर ‘होय’ अशी खूण करून डबा पुढे ठेवणाऱ्याचा जिन्नस फार तर काढून घेतला जातो. दंड त्याला होत नाही. ‘नाही’ अशी खूण करून ज्याच्या बॅगेत पेढे सापडतात त्याचा अपराध मात्र पेढ्यांचा न राहता खोट्या निवेदनाचा होतो, आणि त्यापायी जबर दंडच नव्हे, तर प्रसंगी व्हिसादेखील गमवावा लागतो. आपली वयस्क मंडळी अप्रामाणिक मुळीच नसतात. इंग्रजी प्रश्नाच्या धास्तीने, रात्रभराच्या जागरणाने आणि मागे खोळंबलेल्या रांगेच्या संकोचाने ती सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळी होतात. यावर उपाय साधा आहे. निघण्यापूर्वी घरीच एका कागदावर प्रत्येक पदार्थाचे नाव आणि त्यातील घटक इंग्रजीत मुलाकडून वा नातवाकडून लिहून घ्यावे, म्हणजे मेतकूट हे भाजलेल्या डाळी-तांदळाचे पीठ आहे आणि भाजणी हीही तसलीच वस्तू आहे, हे अंमलदाराला तोंडाने समजावीत बसावे लागत नाही.

औषधांच्या बाबतीत आपली एक सवय मोडायला हवी. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून, सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेल्या डबीत त्या भरल्या, की औषधाचे नाव, मुदत आणि उत्पादकाचा छाप ही सारी ओळख कचऱ्यात जाते, आणि उरते ती पांढऱ्या गोळ्यांची बेवारशी रास. डबी घरात वापरावी. प्रवासात पट्ट्या अखंड असाव्यात, सोबत डॉक्टरांचे चिठ्ठीपत्र असावे, आणि त्यात औषधाचे बाजारी नाव न लिहिता मूळ द्रव्याचे नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची बाजारी नावे तिकडच्या औषधविक्रेत्याला ठाऊक नसतात आणि आपल्या पॅरासिटॅमॉललाही अमेरिकेत असिटॅमिनोफेन म्हणतात. खोकल्याच्या कित्येक औषधांत कोडीन असते आणि दुखण्यावरच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल. ही दोन्ही अमिरातीत नियंत्रित असून, ती नेण्यापूर्वी तेथील सरकारची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. जपानात तर सर्दीच्या गोळीतील स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ती नेताच येत नाही. मधुमेही माणसाने इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये. विमानाच्या पोटातील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते. शंभर मिलिलीटरच्या द्रवांच्या नियमातून औषधांना सवलत असते, तेव्हा ते निःशंकपणे हातपिशवीतच ठेवावे. मुंबईहून पश्चिमेकडे जाताना दिवस कित्येक तासांनी लांबतो, म्हणून सुईची वेळ घड्याळ बदलल्यावर कशी धरावयाची, हे निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांकडून त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घ्यावे.