लहान मुलांसाठी घरच्या घरी विज्ञानाचे प्रयोग: सामान स्वयंपाकघरातलं, अंदाज मुलांचा

'घरी करता येणारे विज्ञान प्रयोग' असं यूट्यूबवर शोधलं, की व्हिडिओंचा ढीग येतो. बहुतेकांमध्ये ठरलेलं दृश्य असतं. सोडा फसफसतो, रंग उसळतात, मूल टाळ्या वाजवतं आणि मागून कुणीतरी भराभर 'रासायनिक अभिक्रिया' समजावून सांगतं. बघायला मजा येते, यात वाद नाही. पण त्यात मुलाने स्वतः काय केलं? फक्त बघितलं.

आजच्या लेखात आपण २ ते ५ वर्षांच्या मुलांसोबत करता येतील असे पाच प्रयोग बघणार आहोत. विकत काही आणायचं नाही. प्रत्येक प्रयोगात काय करायचं, मुलाला काय विचारायचं आणि त्यामागचं खरं कारण काय, हे सांगते. शेवटी कोणत्या गोष्टी टाळायच्या तेही बघू. तो भाग मात्र न वाचता सोडू नका.

आधी पद्धत समजून घ्या

माझी पद्धत तीन पायऱ्यांची आहे:

१. करण्याआधी विचारा: "काय होईल, सांग बरं?"
२. मुलालाच करू द्या. सांडलं तर सांडू द्या.
३. झाल्यावर विचारा: "असं का झालं असेल?" आणि मग गप्प बसा.

तिसरी पायरी मोठ्यांना सगळ्यात जड जाते. आपल्याला उत्तर येत असतं, त्यामुळे ते सांगायची घाई होते. पण तीन वर्षांच्या मुलाला 'घनता' किंवा 'पृष्ठताण' हे शब्द सांगून हाती काही लागत नाही. उलट 'उत्तर आईकडे किंवा बाबांकडे असतं, आपण फक्त ऐकायचं' एवढंच ते शिकतं. स्वतः अंदाज बांधला, तो चुकला आणि पुन्हा करून बघावंसं वाटलं, तर या वयापुरतं विज्ञान झालं. खालची कारणं तुमच्यासाठी आहेत. मुलाने स्वतःहून विचारलं, तर त्याच्या भाषेत थोडक्यात सांगा.

प्रयोग १: मोठी सावली, छोटी सावली (२ वर्षांपासून)

संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करा. मोबाईलचा टॉर्च लावून तो भिंतीकडे तोंड करून टेबलावर ठेवा. मुलाला टॉर्च आणि भिंतीच्या मध्ये हात धरायला सांगा. मग विचारा: "हात टॉर्चजवळ नेला तर सावली मोठी होईल की छोटी?"

कारण: प्रकाश सरळ रेषेत जातो आणि टॉर्चपासून पुढे पसरत जातो. हात टॉर्चच्या जवळ असला की पसरणाऱ्या प्रकाशाचा मोठा भाग अडतो, म्हणून सावली मोठी पडते. भिंतीजवळ नेला की ती जवळपास हाताएवढीच होते. मुलाने टॉर्चमध्ये थेट बघू नये, एवढं सांभाळा.

प्रयोग २: एकच वाटी तरंगते आणि बुडतेसुद्धा (२ वर्षांपासून)

मोठ्या पातेल्यात पाणी घ्या. चमचा, बटाटा, झाडाचं पान, प्लास्टिकचं झाकण आणि स्टीलची वाटी जमवा. प्रत्येक वस्तू टाकण्याआधी विचारा: "बुडेल की तरंगेल?"

खरी गंमत वाटीत आहे. चमचा स्टीलचा, तो बुडतो. वाटीही स्टीलची, पण ती सरळ ठेवली तर तरंगते. आता मुलाला चमच्याने वाटीत थोडं थोडं पाणी घालायला सांगा. एका क्षणी ती बुडते. माझ्या अनुभवात मुलांना हा खेळ दहा वेळा केला तरी पुरत नाही.

कारण: पोकळ वाटी आपल्या आकारामुळे पुष्कळ पाणी बाजूला सारते आणि ते पाणी तिला वर ढकलतं. हवेची जागा पाण्याने घेतली की वाटीचं एकूण वजन वाढतं आणि ती खाली जाते. लोखंडी जहाज समुद्रात तरंगतं, तेही याच कारणाने.

४-५ वर्षांच्या मुलासाठी पुढचा टप्पा: एका ग्लास पाण्यात बटाट्याचा तुकडा टाका, तो बुडेल. मग तीन-चार मोठे चमचे मीठ घालून ढवळा. मीठ विरघळलं की तुकडा वर येतो, कारण मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं. वर आला नाही तर आणखी चमचाभर मीठ घाला.

प्रयोग ३: बर्फ कुठे आधी वितळेल? (३ वर्षांपासून)

बर्फाचे सारख्या आकाराचे दोन खडे घ्या. एक स्टीलच्या ताटात ठेवायचा, दुसरा लाकडी पोळपाटावर. खडे ठेवण्याआधी मुलाला दोन्हींना हात लावायला सांगा. "कोणतं गार लागतं?" ताट गार लागतं. मग विचारा: "बर्फ कुठे आधी वितळेल?" पुष्कळ मुलं पोळपाट म्हणतात, कारण ताट तर गार आहे! मोठ्या माणसांनाही विचारून बघा.

होतं उलटच. ताटातला बर्फ आधी वितळतो.

कारण: ताट आणि पोळपाट एकाच खोलीत असल्यामुळे दोघांचं तापमान सारखंच असतं. धातू उष्णता पटकन वाहून नेतो. हात लावला की हातातली उष्णता तो ओढून घेतो, म्हणून गार लागतो. बर्फ ठेवला की हीच उष्णता तो बर्फाला पटकन पोचवतो. लाकूड हे काम सावकाश करतं.

प्रयोग ४: हळद लाल का होते? (४ वर्षांपासून)

शर्टावर वरण सांडलं आणि डागावर साबण लावला की पिवळा डाग लालसर होतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्याचाच प्रयोग करायचा. पाण्यात हळद कालवून पांढऱ्या कागदावर लावा आणि वाळू द्या. एका वाटीत कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीचं पाणी घ्या, दुसरीत लिंबाचा रस. मुलाला बोटाने किंवा कापसाने साबणाच्या पाण्याचं चित्र काढू द्या. पिवळ्यावर लाल रेघा उमटतात. आता त्यावर लिंबाचा रस लावला तर काय होईल? आधी अंदाज, मग कृती. रंग पुन्हा पिवळा होतो.

कारण: हळदीतला कर्क्युमिन हा पिवळा घटक आम्लारीच्या संपर्कात आला की लालसर होतो. साबणाचं पाणी आम्लारीधर्मी असतं, लिंबाचा रस आम्ल असतो. शाळेच्या पुस्तकात ज्याला 'दर्शक' म्हणतात, तो आपल्या मिसळणाच्या डब्यात रोज असतो. पारंपरिक कुंकूही हळदीपासूनच बनतं, तेही या रंगबदलामुळेच.

प्रयोग ५: पाणी पळून का गेलं? (४ वर्षांपासून)

ताटलीत पाणी भरा आणि त्यावर वाळलेल्या कढीपत्त्याचा बारीक चुरा भुरभुरा. मुलाच्या बोटाला थोडा साबण लावून ताटलीच्या मधोमध टेकवायला सांगा. चुरा झर्रकन कडेला पळतो.

कारण: पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा असतो. साबण लागला की तिथला ताण कमी होतो. कडेच्या पाण्याचा ताण तसाच असल्यामुळे ते पृष्ठभाग आपल्याकडे ओढून घेतं आणि चुरा सोबत जातो. पाणी बदलल्याशिवाय पुन्हा तसाच परिणाम दिसत नाही. हाही प्रश्न मुलालाच विचारा: "आता का पळत नाही?"

हा प्रयोग सगळीकडे मिरपूड घालून सांगतात. पण लहान मुलं तोच हात डोळ्याला लावतात, म्हणून मी कढीपत्ता वापरते.

मोबाईलचा खरा उपयोग इथे आहे. स्लो-मोशनमध्ये चित्रीकरण करा आणि नंतर मुलासोबत बघा. डोळ्यांना न दिसलेली हालचाल नीट दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, जितका कमी तितका चांगला. तेव्हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरे.

मुलाचं उत्तर चुकलं तर?

रुंद वाटीतलं पाणी मुलासमोरच उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा: "पाणी आता जास्त झालं, कमी झालं की तेवढंच आहे?" चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं 'जास्त झालं' म्हणतात, कारण पातळी वर दिसते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करताना हे दाखवून दिलं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत ही समज हळूहळू येते. म्हणजे मूल 'ढ' नाही, त्याचा मेंदू वयाप्रमाणेच काम करतोय. तिथे "असं कसं म्हणतोस, समोर तर ओतलं!" म्हणून ओरडलात, तर पुढच्या वेळी ते अंदाजच सांगणार नाही. त्याऐवजी पाणी परत वाटीत ओतायला सांगा.

आणि मोठ्यांची उत्तरंही तपासायला हवीत. जळत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवला की ताटलीतलं पाणी आत चढतं. 'ऑक्सिजन संपला म्हणून' असं आपल्याला शिकवलेलं असतं. खरं कारण मुख्यतः वेगळं आहे: आतली गरम हवा ज्योत विझल्यावर थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. आगीमुळे हा प्रयोग या वयासाठी नाहीच. पण घाईने दिलेलं उत्तर किती पक्कं बसतं, ते यावरून कळतं.

या गोष्टी टाळाच

- खाण्याचा चुना: हळदीवर तो लाल रंग सुंदर आणतो, म्हणून मोह होतो. पण चुन्याची पुडी दाबताना फुटून डोळ्यात उडाली तर डोळ्याला गंभीर, कायमची इजा होऊ शकते. असं काही झालंच तर डोळा ताबडतोब स्वच्छ पाण्याने भरपूर वेळ धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.
- बटण सेल: रिमोट आणि खेळण्यांतला हा चपटा सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.
- छोटे शक्तिशाली चुंबक आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी: दोन्ही पोटात गेले तर आतड्याला धोका असतो.
- दाणे, मणी, गोट्या: तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात.
- सोडा आणि लिंबू बंद बाटलीत: आत कार्बन डायऑक्साइड साठून झाकण उडू शकतं. उघड्या वाटीतच करा.
- भरलेली बादली: काही इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. प्रयोग संपला की पाणी लगेच ओतून टाका आणि पाण्याजवळ मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका.

पुढे काय?

आणखी कल्पना हव्या असतील तर अरविंद गुप्ता यांचं काम जरूर बघा. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवण्यासाठी ते प्रसिद्ध आहेत. पुण्यातल्या 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांची माहिती आणि मराठी पुस्तकंसुद्धा मोफत आहेत. बरीच खेळणी शाळकरी मुलांसाठी आहेत, त्यामुळे लहानग्यांसाठी ती तुम्ही बनवा आणि खेळायला त्यांना द्या.

एका दिवसात पाचही प्रयोग उरकू नका. आठवड्याला एक पुरे. मुलाने तोच प्रयोग पुन्हा मागितला तर कंटाळू नका. सुरुवात वाटीपासून करा, आणि ती किती चमच्यांनी बुडेल याचा अंदाज आजी-आजोबांनाही सांगायला लावा.