वाऱ्याचे दोन आकडे

गच्चीवर आकाशकंदील टांगला, की वाऱ्याशी आपली गाठ पडतेच. कंदील एका अंगाला झुकतो, झिरमिळ्या फडफडू लागतात, आणि पणत्यांसाठी आडोसा शोधणाऱ्या गृहिणीला वाऱ्याची दिशा वेधशाळेला न विचारताच कळते. झिरमिळ्या नैर्ऋत्येकडे उडत असतील, तर वारा ईशान्येचा. पाहुणा जसा ज्या गावाहून आला त्या गावचा, तसाच वाराही जिकडून येतो त्या दिशेचा! हवामानाच्या तक्त्यात हीच दिशा अंशांत असते: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० आणि उत्तर ३६०.

दिशेचे कोडे असे सहज सुटते. वेगाचे मात्र तितके सोपे नाही. बुलढाण्याजवळचे, पैनगंगेकाठचे देऊळघाट घ्या. या जिल्ह्यातली माणसे आपल्या मुलखाचे दोन भाग करतात, 'घाटावर' आणि 'घाटाखाली'. देऊळघाट घाटावरचे, म्हणजे पठारावरचे. घाटाखाली पूर्णेचे सपाट खोरे. जिल्ह्यासाठी दिलेला अंदाज या दोन्ही भागांना मिळून असतो. पण उघड्या माळावर वारा मोकाट सुटतो, तर टेकडीच्या आडोशाला तोच मवाळ होतो. शिवाय वेधशाळा वारा मोजते तो मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर. तेव्हा अंदाजातला आकडा आपल्या अंगणाला थोडा बेतून घ्यावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. वाऱ्याला आकडे दोन असतात. पहिला सरासरी वेगाचा, काही मिनिटांचा हिशेब करून काढलेला. दुसरा झोताचा, अवघ्या काही सेकंदांच्या उसळीचा. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा हवामान खात्याने ताशी १०० ते ११० कि.मी. वारा आणि १२० पर्यंत झोत, असे दोन्ही आकडे सांगितले होते. घरातली वडील माणसे पहिला आकडा ऐकून स्वस्थ बसतात. पत्रा उडवतो तो दुसरा!

त्याचे गणितही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ३० च्या वाऱ्यात नुसते खडखडणारे छप्पर ६० च्या झोतात चौपट जोराने ओढले जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस गडगडणाऱ्या ढगातून गार हवा पावसाबरोबर खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पावसाआधी अंगावर येणारी ती सुखद झुळूक म्हणजे पुष्कळदा या झोताची वर्दीच असते.

याची किंमत बुलढाणा जिल्ह्याने मोजली आहे. जून २०२४ मध्ये चिखली तालुक्यातल्या एका खेड्यात वादळाने घरावरचे पत्रे उडवले. छपराच्या लोखंडी अँगलला बांधलेला पाळणा त्यांच्याबरोबर गेला आणि आतले तान्हे बाळ दगावले. पाळणा छताला टांगणे ही आपली पिढ्यान्पिढ्यांची रीत. पण पत्र्याचे छप्पर म्हणजे सागवानी तुळई नव्हे, हे वादळाच्या दिवसांत विसरून चालत नाही.

मग करावे काय? हवामान खाते गडगडाटी वादळाची सूचना तीनतीन तासांसाठीही देते. तीत 'ताशी ४० ते ५० कि.मी. वेगाने सोसाट्याचा वारा' असे शब्द आले, की पाळणा उतरवावा, पत्र्यांचे आकडे तपासावेत, गुरे झाडाखाली बांधू नयेत. सूचना हाती नसेल, तर डोळे आहेतच. पाने सळसळू लागली, की वारा ताशी ६ ते ११ कि.मी.; धूळ नि कागद उडू लागले, की २० ते २८; मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री धरवेना, की ३९ ते ४९.

यंदा कंदील टांगाल तेव्हा क्षणभर थांबून तो कुठे झुकतो नि किती हिसके देतो, ते मुलांना दाखवा. कंदील झुकतो तो पहिला आकडा आणि हिसका बसतो तो दुसरा, एवढे त्यांना कळले तरी वैशाखात उपयोगी पडेल.