तमक श्वास : वेग शमल्यानंतर श्वासमार्गात काय उरते?

तमक श्वासाचा वेग शमला की रुग्ण स्वतःस निरोगी समजू लागतो आणि औषध सोडतो, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. वेगकाळात धावत येणारा हाच रुग्ण वेगान्तरकाळात फिरकत नाही. वेग नसतानाही व्याधी आत जागा असतो, हे आपण त्याला सांगतो; पण तो नेमका कोठे आणि कोणत्या रूपाने असतो, याचे उत्तर असात्म्यजन्य दम्यापुरते तरी आधुनिक प्रतिकारशास्त्राने बरेच स्पष्ट केले आहे. वैद्यांइतकेच औषधविक्रेत्यांनाही ते ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या शोधाचा आरंभ मोठा चमत्कारिक आहे. शिजवलेला मासा सहन न होणाऱ्या क्युस्टनर यांचा रक्तद्रव कार्ल प्राउस्निट्झ यांनी 1921 मध्ये स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांधी उठली. रक्तातील कोणता तरी पदार्थ ही असात्म्यता वाहून नेतो, एवढे सिद्ध झाले. पण तो ओळखण्यास पुढे सुमारे पंचेचाळीस वर्षे लागली. अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहानसन व बेनिख यांनी 1966-67 च्या सुमारास स्वतंत्रपणे तो हुडकला आणि 1968 मध्ये त्यास ‘आयजीई’ हे नाव मिळाले. रक्तात या प्रतिपिंडाचे प्रमाण अत्यल्प असते व तेथे त्याचे अर्धायुष्य जेमतेम दोन दिवसांचे. मात्र मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर एकदा बसले की ते कित्येक आठवडे टिकते. धुळीचा संबंध सुटूनही रुग्णाची असात्म्यता लगेच का सुटत नाही, याचे एक कारण येथे आहे.

घरातील गाद्या-उशांत राहणाऱ्या माइट या सूक्ष्म जीवाचे उदाहरण घेऊ. दमट हवा त्यास मानवते. त्याच्या विष्ठेतील पाचक विकर श्वासमार्गाच्या आवरणपेशींमधील सांधे सैल करते. दुखावलेल्या पेशी ‘टीएसएलपी’सारखी प्रथिने सोडून धोक्याची सूचना देतात. डेंड्रिटिक पेशी तो परका अंश उचलून टी-पेशींपुढे मांडतात आणि ज्यांची प्रकृती तशी असते त्यांच्यात ‘टी-हेल्पर 2’ हा वर्ग बळावतो. हा वर्ग इंटरल्युकिन नावाच्या प्रथिनांमार्फत आज्ञा देतो. इंटरल्युकिन 4 मुळे बी-पेशी आयजीई बनवू लागतात. इंटरल्युकिन 5 इओसिनोफिल पेशींना वाढवते व जगवते. इंटरल्युकिन 13 मुळे कफस्राव वाढतो आणि श्वासनलिका अतिसंवेदनशील होतात.

पुन्हा धूळ आली की मास्ट पेशी काही मिनिटांतच फुटून हिस्टामिन व ल्युकोट्रिन बाहेर टाकतात आणि श्वासनलिका आवळते. हा वेग रुग्णाला दिसतो. परंतु चार ते आठ तासांनी इओसिनोफिल आदी पेशी गोळा होऊन दुसरा, संथ टप्पा सुरू होतो. सायंकाळी झाडलोट झाली आणि वेग मध्यरात्री आला, तर रुग्ण रात्रीच्या जेवणास दोष देतो! हा शोथ लक्षणे नसतानाही रेंगाळतो. वर्षानुवर्षे राहिला तर नलिकांच्या भित्ती जाड होऊ शकतात.

साल्ब्युटामॉलचा फवारा केवळ आवळलेला स्नायू सैल करतो, शोथास हात लावत नाही. सोमलतेतील इफेड्रिनचेही मुख्य कार्य याच जातीचे आहे, हे आपण प्रांजळपणे मान्य करावे. म्हणूनच ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने 2019 पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांत केवळ अशा फवाऱ्यावर विसंबू नये असे सांगितले. शोथहर स्टेरॉइड श्वासावाटे गेलेच पाहिजे. वर्षाला दोनशे मात्रांचे तीन वा अधिक डबे लागणाऱ्यास तीव्र वेगाचा धोका वाढतो. महिन्याला एक डबा संपत असेल तर मृत्यूचाही. असे गिऱ्हाईक प्रथम दिसते ते वैद्याला नव्हे, दुकानदाराला.

इंटरल्युकिन 5 रोखणाऱ्या मेपोलिझुमॅब या औषधाची कथा आपल्या विशेष परिचयाची वाटेल. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इओसिनोफिल घटले, पण रुग्णांना लाभ दिसेना. पुढे 2009 मध्ये ज्यांच्यात इओसिनोफिल खरोखरच वाढलेले होते असेच रुग्ण निवडले, तेव्हा तीव्र वेगांची संख्या घटली. 2015 मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध तेच, रुग्णपरीक्षा बदलली. मात्र यावरून टी-हेल्पर 2 म्हणजे कफ, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. दोन्ही शास्त्रांच्या परिभाषा वेगळ्या आहेत, आणि इओसिनोफिलखेरीज अन्य पेशींमुळे होणारा दमाही असतोच.

आपल्या द्रव्यांपैकी शिरीषाचा या दृष्टीने भारतीय संशोधकांनी अभ्यास केला असून, 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने उंदरांच्या मास्ट पेशी फुटण्यास अटकाव केला. हे आशादायक आहे. परंतु प्राण्यांवरील निष्कर्षाच्या बळावर रुग्णाचा स्टेरॉइड फवारा बंद करण्याचा अधिकार आपणास मिळत नाही. शिरीष, वासा, शोधनादी उपचार त्यासोबत द्यावेत व मात्रा कमी करावयाची ती फवारा देणाऱ्या चिकित्सकाच्या विचारानेच.

शेवटी एक अप्रिय विषय. एका दिवसात दमा थांबवणाऱ्या निनावी पुड्या बाजारात मिळतात. वनस्पतीचूर्णाने शोथ इतक्या झपाट्याने ओसरत असेल, तर त्यात पोटात घ्यावयाचे स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संशय घ्यावा. घटकांची यादी व उत्पादन परवाना क्रमांक नसलेला माल दुकानात ठेवू नये. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतलेला रुग्ण आल्यास ती एकदम बंद करावयास सांगू नये. अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावलेले असल्यास त्यामुळे प्राणावर बेतू शकते. त्याला उरलेल्या पुडीसह त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.