घरचे वाय-फाय अडते कुठे?



शेवटच्या सरीला पाणी पोहोचले नाही म्हणून आपण लगेच नवी मोटर आणायला तालुक्याला जात नाही. विहिरीत पाणी आहे का, लाईट आहे का, मोटरने पाणी उचलले का, पाईप कुठे फुटला का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, दारे नीट मोडले आहे का, असे उगमापासून क्रमाने पाहत जातो. अडलेली जागा सापडली की काम निम्मे झालेच.

घरचे वाय-फाय बंद पडले की मात्र हे शहाणपण आपण बाजूला ठेवतो. कोणी राउटरच्या बारीक भोकात टाचणी खुपसतो, कोणी चांगला संगणक दुरुस्तीला टाकून येतो, तर कोणी नवा राउटर विकत आणतो. पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो.

आज सातबारा उतारा, पीक विमा, शासकीय योजना, मुलांचे प्रवेश आणि शिष्यवृत्ती या सगळ्यांचे अर्ज इंटरनेटवरून भरावे लागतात. मुदतीच्या शेवटच्या रात्री जोडणी गेली, तर वर्षाचा विमा किंवा मुलीचा प्रवेश हातचा जाऊ शकतो. म्हणून दोष शोधायची रीत प्रत्येक घरात निदान एकाला तरी ठाऊक असावी. ती अवघड नाही.

वाट कशी आहे?

कंपनीची तार खांबावरून घरात येते. हल्ली बहुतेक ठिकाणी ही फायबरची, म्हणजे केसासारख्या बारीक काचेची तार असते व तिच्यातून प्रकाश वाहतो. घरातील पेटी त्या प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करते. पुढे राउटर तो संदेश घरभर वाटतो. अनेक घरांत पेटी आणि राउटर एकच असतात. राउटरपासून संगणकापर्यंतची वाट हवेतून, रेडिओ लहरींची. तार ही आपली मुख्य पाईपलाईन, राउटर हा वाटपाचा हौद आणि प्रत्येक संगणक वा मोबाईल ही एकेक सरी, असे समजावे.

पहिला प्रश्न : एकाचे बंद की सगळ्यांचे?

काही करण्याआधी घरातील दुसरा मोबाईल त्याच वाय-फायवर लावून पाहावा. पण आधी त्या मोबाईलचा सिमवरचा डेटा बंद करावा. नाहीतर मोबाईल गुपचूप सिमवरून चालतो आणि आपण म्हणतो, "वाय-फाय तर चालू आहे की!" इथेच पुष्कळ जण फसतात.

सगळ्यांचे बंद असेल तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या मागे, तारेत अथवा कंपनीकडे आहे. संगणकाला हात लावू नये. एकाचेच बंद असेल तर पाईपलाईन ठीक आहे, त्या एका सरीचे पाहावे.

सगळ्यांचे बंद असेल तर

पेटीवरचे दिवे पाहावेत. एकही दिवा नसेल तर बटण, बोर्ड आणि ॲडॅप्टर तपासावा. पिन बसते म्हणून दुसऱ्याच वस्तूचा ॲडॅप्टर लावू नये. त्यावर छापलेले व्होल्ट पेटीच्या व्होल्टशी जुळलेच पाहिजेत.

फायबरच्या पेटीवर "लॉस" नावाचा दिवा असतो. तो लाल पेटला किंवा लुकलुकू लागला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे. तार तुटली असेल, निसटली असेल किंवा कपाटामागे दबून काटकोनात वाकली असेल. काचेची तार फार वाकली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. गळीत हंगामात उसाने भरलेल्या उंच ट्रॉलीला लोंबती तार अडकूनही तुटू शकते. घरात वाकलेली तार हलक्या हाताने सैल करावी. तुटलेली तार आपण जोडू नये आणि तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये, डोळ्याला इजा होऊ शकते. हे काम कंपनीच्या माणसाचे.

लाल दिवा नाही, तरी इंटरनेट नाही, अशा वेळी आधी प्लॅनची मुदत संपली का ते पाहावे. मुदत शिल्लक असेल तर राउटरचे बटण बंद करून एक मिनिट थांबावे, चालू करावे आणि पाच मिनिटे धीर धरावा. राउटर हाही लहानसा संगणकच आहे. बरेच दिवस सलग चालून त्याचे काम कुठेतरी अडकते, बंद-चालू केल्यावर तो कंपनीशी नव्याने जोडणी करतो. तरीही चालले नाही तर तक्रार नोंदवावी.

एकाच संगणकाचे बंद असेल तर

१) यादीत आपल्या वाय-फायचे नाव दिसते का? दिसत नसेल तर संगणकाचे वाय-फाय बंद आहे का, विमानाचे चिन्ह असलेली कळ चुकून दाबली गेली आहे का, ते पाहावे. आणखी एक कारण असते. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर लहरी सोडतो. काही जुन्या संगणकांना ५ चा पट्टा दिसतच नाही. त्यांनी २.४ चे नाव निवडावे.

२) नाव दिसते, पण जोडले जात नाही. बहुधा पासवर्ड चुकतो. इंग्रजी मोठे व लहान अक्षर वेगळे मोजले जाते, हे ध्यानात ठेवावे. पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल तर संगणक जुनाच धरून बसतो. त्या नावावर जाऊन "फरगेट" करावे आणि नव्याने पासवर्ड द्यावा.

३) जोडले जाते, पण "इंटरनेट नाही" असे दिसते. राउटर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. वाय-फायच्या माहितीत "आयपीव्ही ४ ॲड्रेस" या ओळीत तो दिसतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून क्रमांक मिळालाच नाही आणि संगणकाने स्वतःच काहीतरी मांडून घेतला, असा अर्थ होतो. वाय-फाय तोडून पुन्हा जोडावे, न जमल्यास संगणक आणि राउटर दोन्ही बंद-चालू करावेत. पूर्वी कोणी क्रमांक हाताने भरून ठेवला असेल तर तो काढून "ऑटोमॅटिक" करावे. दोन यंत्रांना एकच क्रमांक गेला की एकाच दाऱ्यावर दोघांनी पाणी धरल्यासारखे होते.

४) क्रमांक बरोबर आहे, तरी पान उघडत नाही. विंडोज संगणकात कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग हा आदेश द्यावा : पी, आय, एन, जी ही चार अक्षरे, मोकळी जागा आणि पुढे ८.८.८.८, सर्व इंग्रजीत. "रिप्लाय" अशा ओळी आल्या तर वाट मोकळी आहे. मग दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा असतो. राउटर बंद-चालू केल्यावर पुष्कळदा तो सुटतो. संगणकाची तारीख आणि घड्याळही पाहावे. आतला छोटा सेल उतरला की तारीख मागे जाते आणि बँकेची वा सरकारी पाने "सुरक्षित नाही" म्हणून अडतात.

सर्वांत खात्रीची परीक्षा तारेची. नेटवर्कची केबल राउटर आणि संगणक यांच्यात थेट लावावी. तारेवर चालले आणि हवेतून चालले नाही, तर दोष हवेच्या वाटेत किंवा संगणकाच्या वाय-फायच्या भागात आहे.

चालते, पण रडतखडत

२.४ चा पट्टा लांब पोहोचतो, ५ चा वेगवान असतो पण भिंतीपुढे लवकर दमतो. दगडी भिंत, पत्रा, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी या लहरी अडवतात. राउटर कोपऱ्यात, टीव्हीमागे किंवा कपाटात कोंडू नये. घराच्या मध्यभागी, उंच आणि मोकळ्या जागी ठेवावा. शेजारीपाजारी पुष्कळ राउटर असतील तर २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडावी, कारण या तीन एकमेकींवर चढत नाहीत. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४ च्याच पट्ट्यात चालते, ती चालू असताना अडथळा येऊ शकतो. लांबच्या खोलीसाठी रिपीटर घेतलात, तर तो लहरी अजून बऱ्या येतात अशा जागी लावावा. जिथे त्या पोहोचतच नाहीत तिथे लावला, तर तो पुढे काय देणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

टाचणी सर्वांत शेवटी

बारीक भोकातले बटण काही सेकंद दाबून धरले की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि अनेक ठिकाणी कंपनीने दिलेले युजरनेम हे सारे पुसले जाते. मग चालू असलेलेही बंद पडते आणि माणूस येईपर्यंत घर अंधारात. बटण बंद-चालू करणे वेगळे आणि टाचणी लावणे वेगळे. हा फरक घरातील पोरांनाही सांगून ठेवावा.

आजच करावयाची तयारी

एका कागदावर वाय-फायचे नाव व पासवर्ड, कंपनीचा ग्राहक क्रमांक, युजरनेम आणि तक्रारीचा दूरध्वनी लिहून सुरक्षित ठेवावा. सर्व ठीक असताना कोणते दिवे पेटतात, तेही लिहावे. तक्रार करताना सगळ्यांचे बंद की एकाचे, किती वाजल्यापासून, कोणता दिवा लाल, एवढे सांगितले की पुढच्या माणसालाही काम सोपे जाते.

अर्जाच्या रात्रीच दोष आला तर दुरुस्तीच्या मागे लागू नये. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून संगणक त्यावर जोडावा आणि अर्ज आधी भरून टाकावा. अर्जाला डेटा फारसा लागत नाही. दोष सकाळी शोधता येतो, गेलेली मुदत परत येत नाही. शक्यतो अर्ज मुदतीच्या चार दिवस आधीच भरावा, हे सांगणे न लगे.

सभासदांनी हे पान कापून राउटरजवळ भिंतीला लावून ठेवावे.