इथेच राहण्याचा हक्क: बोरिवलीचे पाडे आणि राष्ट्रीय उद्यान

आजचा विषय बोरिवलीचा आहे, पण सुरुवात आपल्या पांडवलेण्यापासून करू या. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा शिलालेख आहे, त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षाचा. डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना तो पश्चिम काखडी गावातलं दोनशे निवर्तनं शेत देतो. आपण नाशिककर तो लेख लांबून बघतो, फोटो काढतो आणि खाली उतरतो. पण त्यातल्या सवलती वाचण्यासारख्या आहेत. या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. म्हणजे जमीन मोजून दिली, आणि वर आपल्याच अधिकाऱ्यांना बजावलं की लांब राहा.

मला आज बोलायचं आहे ते या ‘दिली’ शब्दावर. राहण्याचा हक्क कुणी देतं का? की तो असतोच, आणि राज्य फक्त तो मान्य करतं? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न मी वर्षानुवर्षं शिकवला. खरं सांगतो, तो मला नीट कळला सुरगाण्याच्या एका विद्यार्थ्यामुळे. त्याच्या वडिलांचा वनहक्काचा दावा फेटाळला गेला होता. तो कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाला, “सर, पुरावा नाही असं लिहिलंय. आजोबांनी खणलेली विहीर तिथंच आहे, ती चालत नाही का?”

आता बोरिवली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, मुंबई आणि ठाण्याच्या मध्ये. आत नवापाडा, चुनापाडा असे आदिवासींचे पाडे आहेत; वारली आहेत, मल्हार कोळी आहेत. उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली १९९६ मध्ये.

इथे कायद्यातला एक बारकावा समजून घ्या, कारण सगळं त्यावर फिरतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तो अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत फरक करतो. अभयारण्यात लोकांचे जुने हक्क चालू ठेवायची मुभा जिल्हाधिकाऱ्यांना आहे, मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून. आपलं नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे. तिथे पक्षीही येतात आणि भोवती शेतंही पिकतात. राष्ट्रीय उद्यानाला मात्र नेमकं तेच कलम, २४ (२) (क), लागू होत नाही. कलम ३५ म्हणतं, त्या जमिनीवरचे सगळे हक्क आधी सरकारकडे यावेत, मग उद्यान जाहीर व्हावं. म्हणजे इथे माणूस असणं ही कायद्याच्या दृष्टीने एक शिल्लक राहिलेली चूक ठरते.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं काढायचा आदेश दिला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपची याचिका होती. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव असेल आणि सात हजार रुपये भराल, तर पर्यायी घर. झोपडपट्टीत राहणाऱ्या, गावाहून कामासाठी आलेल्या कुटुंबांसाठी हा माप होता. पण पाड्यांवरचा वारलीही त्याच मापाने मोजला गेला: तू कधी आलास? अहो, तो आला कुठून?

इथे मी एक फरक करतो, आणि तो तुम्हाला पटेलच असं नाही. ‘कुठेतरी राहण्याचा हक्क’ वेगळा आणि ‘इथेच राहण्याचा हक्क’ वेगळा. पहिला गरजेतून येतो. झोपडीतल्या कुटुंबाला तो पुरेपूर आहे, आणि दुसरीकडे चांगलं घर देऊन तो भागवता येतो. दुसरा त्या जागेशी पिढ्यांच्या नात्यातून येतो. वारलीचा वाघोबा, त्याची भातखाचरं, त्याची वाट, हे चौथ्या मजल्यावरच्या खोलीत हलवता येत नाही. मेळघाटातल्या गावांना स्थलांतरासाठी कुटुंबामागे दहा लाखांचं पॅकेज होतं. तरी जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसन झालेले गावकरी परत जंगलात शिरले आणि पोलिसांशी संघर्ष झाला. पैसे कमी पडले एवढंच त्याचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

वनहक्क कायदा आला २००६ मध्ये. त्याच्या नावातच ‘मान्यता’ हा शब्द आहे, आणि प्रास्ताविकात ऐतिहासिक अन्यायाची कबुली. त्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यानंही येतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा आदिवासींचा ताबा, चार हेक्टरपर्यंत. इतर पारंपरिक वननिवासींना पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. आणि दाव्याची पडताळणी संपेपर्यंत कुणाला हलवायचं नाही. मार्च २०१८ मध्ये आपल्या नाशिकहून आझाद मैदानापर्यंत, जवळजवळ १८० किलोमीटर, जे लोक चालत गेले, त्यांच्या प्रमुख मागण्यांत याच कायद्याची अंमलबजावणी होती.

पुराव्याचं म्हणाल तर नियम उदार आहेत. घर, बांध, विहीर, स्मशान, देवस्थान चालतं. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. आमच्या न्यायशास्त्रात चार प्रमाणं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जाणत्या, विश्वासू माणसाचं सांगणं म्हणजे शब्दप्रमाण. चार्वाक ते मानत नाही, त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. कचेरी चार्वाकाहून कडक. तिला विहीर दिसत असूनही कागद हवा. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न हाच होता. बोरिवलीत आणखी एक पेच आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते, आणि मुंबईत आहे महानगरपालिका. पण पाडा म्हणजे गाव नव्हे, असं कुठल्या वारल्याला वाटतं?

दुसरी बाजू हलकी नाही. विहार आणि तुळशी ही तळी याच जंगलावर जगतात. बिबटे आहेत, आणि चारही बाजूंनी इमारती चढताहेत. जंगल एकदा गेलं की गेलं. म्हणून प्रत्येक वस्ती तिथेच राहू द्या असं मी म्हणत नाही. हलवायचंच असेल तर वनहक्क कायद्यात रीत दिलेली आहे: वन्यजीवांचं भरून न येणारं नुकसान आधी दाखवा, सहजीवनाचा दुसरा मार्ग नाही हे दाखवा, ग्रामसभेची लेखी संमती घ्या, नव्या जागी सोयी पुऱ्या करा, आणि मग हलवा.

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या शेनान्डोआ उद्यानात १९३५ च्या सुमारास शेकडो कुटुंबं उठवली. काही म्हाताऱ्या माणसांना मरेपर्यंत राहू दिलं. शेवटच्या आजी १९७९ मध्ये गेल्या. दयाळू वाटतं खरं. पण ती सवलत त्या आजींबरोबर संपली, लेकीला मिळाली नाही. दिलेली होती ना.

आता पुन्हा पांडवलेणं. त्याच भिंतीवर चोविसाव्या वर्षाचा दुसरा लेख आहे, सहसा कुणी वाचत नाही. त्यात म्हटलंय की काखडीतलं ते शेत कुणी नांगरत नाही, गावात कुणी राहत नाही. म्हणून भिक्षूंना नगराच्या सीमेवरचं राजाचं स्वतःचं दुसरं शेत द्यावं, शंभर निवर्तनं. सहा वर्षांत राज्याच्या लक्षात आलं की दिलेली जागा जगण्यालायक नाही, आणि तेही दगडावर कोरून. चला, प्रश्न घेऊ या.