हमिंगबर्ड नव्हे, आपला शिंजीर

जबलपूरहून बोलतेय. बरेच जण विचारतात, बागेत हमिंगबर्ड कसा आणायचा? तो फक्त अमेरिका खंडांत असतो. आपल्याकडे फुलांतला मध पितो तो शिंजीर, जेमतेम 10 सेंटिमीटरचा. जास्वंद, हमेलिया, रुई लावा. साखरपाणी टांगायची गरज नाही.

माझी चूक सांगते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला म्हणून मी जहाल औषध फवारलं. शिंजीर येईनासाच झाला. मग कळलं, पिलांना तो मुख्यतः किडे आणि कोळी भरवतो. त्याचं लोंबतं घरटंही मादी कोळिष्टकांनीच बांधते. तेव्हा फवारणी थांबवा, अंगणातली थोडी कोळिष्टकं राहू द्या. पाहुणे नावं ठेवतील. शिंजीर ठेवणार नाही!