स्वस्त मोसमातली सफारी : आधी हिशेब, मग आगाऊ रक्कम

कुटुंबासह आफ्रिकेची जंगल सफारी करण्याचा विचार असलेल्या व्यापारी बंधूंसाठी आम्ही दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर नॅशनल पार्कचा हिशेब मांडला आहे. १९२६ साली स्थापन झालेल्या या पार्कात जून ते सप्टेंबर हा कोरडा मोसम. प्राणी पाणवठ्यावर जमतात; पर्यटकही. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिथे उन्हाळा आणि पाऊस. शाळांच्या सुट्या संपल्या की जानेवारीअखेर ते मार्च गर्दी कमी असते, म्हणून अनेक खासगी लॉज सूट देतात.

सूट का, तेही समजून घ्या. गवत वाढलेले असते, पाणी जागोजागी. सिंह-बिबटे सहज दिसत नाहीत. पक्षी मात्र भरपूर. दुपार तापते, म्हणून फेरी पहाटेच करावी. मलेरियाचा धोका याच दिवसांत अधिक. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. नैरोबीमार्गे तिकीट काढाल तर पीतज्वराच्या लशीच्या दाखल्याची चौकशी करा. तो लस घेतल्यावर १० दिवसांनी ग्राह्य होतो.

फेब्रुवारी २००० च्या पुराने पार्कातील रस्ते आणि पूल उद्ध्वस्त झाले होते. रस्ते बंद झाल्यास पैसे परत मिळतील काय, हे लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. भाव उतरला तरी माल पारखूनच घ्यावा.